भाऊजी, डावीकडं सरका

डिसेंबरातला दुसरा रविवार, दुपार. ठिकाण आमचं जालन्याचं घर, बाहेरची खोली. हजर: आई, म्हणजे तुमची आई आणि माझ्या सासूबाई, खिडकीजवळच्या खाटेवर. हे, पेपर तोंडापुढे धरून, बराच वेळ पान न उलटता. मीना, तुमची बायको, भोकरदनहून सकाळच्या एसटीनं आलेली. मी. आणि टीव्हीखाली डबा. भाऊजी, तुमचं तेरावं झाल्यानंतरचा हा पहिला रविवार आहे. एरवी या वेळेला तुम्ही चपला काढता काढताच विचारायचा, "डबा लावला का वहिनी?" आज कुणी विचारलं नाही, म्हणून मी कागद घेऊन बसले.

तुम्ही कुठं शिकलात, किती वर्षं शाळेत शिकवलंत, मागे कोण कोण आहे, हे सगळं शोकसभेत वाचून झालं. ते मी पुन्हा लिहीत नाही. तुमच्या शाळेच्या मुख्याध्यापकांनी चांगलं लिहिलं होतं. फक्त त्यात डबा नव्हता. विज्ञानाच्या सरांनी भावजयीसाठी दळणाच्या डब्यात कॉम्प्युटर बसवला, आणि तोही अभ्यासाचा नाही, जुने व्हिडिओ गेम खेळायचा, हे शोकसभेत कोण सांगणार? ते माझ्याकडे राहिलं.

मला झटका आला त्या वर्षापासून सुरुवात करते. डावी बाजू गेली होती. बोलणं परत आलं, पाय परत आला, हात अर्ध्या वाटेत थांबला. मी बियाण्याच्या कंपनीत गोडाऊन सांभाळणारी बाई. कुठलं पोतं कुठल्या गाडीत, हे मला झोपेत विचारलं तरी सांगता यायचं, आणि आता स्वतःच्या अंगठ्याला काम सांगितलं तर तो ऐकत नव्हता. व्यायामवाल्या ताईंनी रबरी चेंडू दिला होता पिळायला. मी फ्रिजच्या दारावर यादी लावली: चेंडू सकाळी, चेंडू दुपारी, चेंडू संध्याकाळी. रोज खुणा केल्या. महिने गेले.

तुम्ही एका रविवारी पाणी प्यायला स्वयंपाकघरात आलात आणि त्या यादीपुढे उभे राहिलात.

"वहिनी, खुणा तर बराबर आहेत सगळ्या. मंग हात का उघडून न्हाई राह्यला?"

"मी रोज करते. खोटी खूण करत नाही मी."

"खोटी कोण म्हणतंय? हजेरी लागून राह्यली, अभ्यास होऊन न्हाई राह्यला. माझ्या वर्गात लई हायेत असे. पहिल्या बाकावर बसतेत आणि खिडकीतून म्हशी मोजतेत."

मला राग आला होता. पण खरं होतं. चेंडू पिळताना मी मनात पालेभाजीचा हिशोब करायची. हाताला काही कारणच नव्हतं उघडायला.

मग तुम्ही ग्लास ठेवला आणि भलतंच काहीतरी विचारलंत. "तुम्हाला आठवतं का, तुमच्या लग्नानंतरची पहिली दिवाळी? मी भाड्यानं टीव्ही गेम आणला होता."

आठवत होतं. तुम्ही शाळेत शिकत होता तेव्हा. गल्लीतली सगळी पोरं टीव्हीपुढे, आणि मामंजी खुर्चीत, म्हणून मी स्वयंपाकघराच्या दारात. हाताला करंजीचं पीठ. पडद्यावर विटांच्या भिंतीआड एक गरुड बसलेला आणि त्याला वाचवायला दोन छोटे रणगाडे, एक पिवळा, एक हिरवा. वरून शत्रूचे रणगाडे येत होते. तुम्ही पिवळ्यात होता. कोपऱ्यातून एक येत होता आणि तुमचं लक्ष नव्हतं. माझ्या तोंडून निघून गेलं, "भाऊजी, डावीकडं सरका!" सगळी पोरं मागे वळून बघायला लागली. मामंजींनीही बघितलं. मी आत गेले.

"या घरात तुम्ही माझ्याशी बोललेलं पहिलं वाक्य आहे ते," तुम्ही म्हणालात. "आणि तो डाव तुम्हाला द्यायचा राहून गेला. आता देतो."

इतक्या वर्षांनी तुम्ही ते वाक्य जसंच्या तसं सांगितलंत. मी माणसांची परीक्षा कामावरून करते, गोड बोलण्यावरून नाही. मी पालेभाजी निवडायला घेतली, उजव्या हातानं.

पुढचे कितीतरी रविवार बाहेरच्या खोलीत चटईवर तुमचं दुकान मांडलेलं असायचं. भोकरदनचा एक टायपिंग क्लास बंद पडला होता, तिथला चपटा सीपीयू तुम्ही उचलून आणला होता. त्याचं पत्र्याचं झाकण हरवलेलं. आतली धूळ तुम्ही अंगणात रंगाच्या ब्रशनं झाडलीत. मेमरीची पट्टी खोडरबरानं घासलीत. पंखा कुरकुरत होता, त्याला माझ्या शिलाई मशीनचं तेल. हार्डडिस्क मेलेली होती, तर तुमच्या फुटक्या लॅपटॉपमधली काढून बसवलीत. मी विचारलं, नवीन का नाही घेत? "नवीन आणून तर कुणीबी लावतो वहिनी. खर्चा करायचा न्हाई बिलकुल, हा नियम आहे." फक्त दोन कंट्रोलर नवीन घेतलेत, जुन्या टीव्ही गेमला असायचे तसेच, डाव्या अंगठ्याला दिशांची फुली आणि उजव्या अंगठ्याला गोळीचं बटण.

मी अर्थातच यादी केली. हवंच: टीव्हीला लागणारी वायर, आवाजाची वेगळी पिन, बंद करायचं बटण माझ्या हाताशी. नको: रंगीत दिवे, कीबोर्ड, मधेमधे विचारणारे इंग्रजी प्रश्न. तुम्ही ती यादी वाचून म्हणालात, "हेडऑफिसकडून ऑर्डर आली," आणि ती तंतोतंत पाळलीत. बटण दाबलं की थेट मोठ्या मराठी अक्षरांत खेळांची यादी यायची. तिची तीन घरं मी पाडून घेतली: रोजचे, पाहुणे आल्यावरचे, आईंचे. आईंच्या घरात एकच खेळ होता, वरून पडणाऱ्या विटा रचायचा. आई कधी खेळल्या नाहीत, पण "माझा लाव" म्हणून बघत बसायच्या आणि वीट चुकीची बसली की "अगं बाई, भिंत वाकडी झाली" म्हणायच्या.

उरलं होतं झाकण. उघडा सीपीयू टीव्हीखाली ठेवायचा नाही, हे माझ्या यादीत दोनदा लिहिलेलं होतं. तुम्ही घरभर फिरलात आणि स्वयंपाकघरातून दळणाचा जुना डबा घेऊन आलात. बुडाला पोचा आलेला, कडी तुटलेला. सीपीयूचं पोट त्यात आडवं बरोबर बसलं. डब्याच्या स्टीलला आतली सर्किटची पाटी टेकू नये म्हणून खाली हवाई चपलेचे तुकडे कापून ठेवलेत. हवा जायला खिळ्यानं भोकं पाडलीत. मी सरळ ओळींत पाडायला सांगितली होती. संध्याकाळी बघते तर ठिपक्यांची रांगोळी. चालू केल्यावर आतला हिरवा दिवा त्या ठिपक्यांतून दिसायचा. "दिवे नको म्हणले होते तुम्ही," तुम्ही म्हणालात. "हे दिवे न्हाईत. हे भोकं आहेत."

आणि मग ते गिरणीचं. ते लिहिल्याशिवाय पुढं जाता येत नाही.

डबा पूर्ण झाला त्या रविवारी तुम्ही वायरी आत गुंडाळून, झाकण लावून तो स्वयंपाकघरात ठेवून गेलात, पुढच्या रविवारी जोडू म्हणून. मधे माझी नेहमीची यादी यांच्या हातात गेली: दूध, औषध, दळणाचा डबा गिरणीत. हे यादीबाहेर विचार करत नाहीत, ही माझीच शिस्त. दोन डब्यांतला त्यांना जो आधी दिसला तो उचलला, स्कूटरवर पुढे ठेवला आणि गेले. गिरणीवाल्यानं झाकण उघडलं, आत बघितलं, यांच्याकडे बघितलं आणि शांतपणे विचारलं, "साहेब, बारीक काढू का जाडं?"

तुम्हाला मी फोनवर सांगितलं तेव्हा तुम्ही शाळेतल्या स्टाफरूममध्ये होता. इतके हसलात की पलीकडून कुणीतरी "सर, काय झालं?" विचारत होतं. नंतर महिनाभर तुम्ही दारातून आत येताना यांना विचारायचा, "दादा, आज काय दळलं?" हे चिडायचे. पण एकदा मी बघितलं, तुम्ही गेल्यावर हे एकटेच डब्याकडे बघून हसत होते.

पहिल्यांदा खेळायला बसलो तेव्हा कळलं की माझा रणगाडा गोळी मारू शकतो, वळू शकत नाही. गोळी उजव्या अंगठ्याला, दिशा डाव्या. हिरवा रणगाडा उजव्या कोपऱ्यात उभा, वरच्या बाजूला तोंड करून, गोळ्या मारतोय, आणि शेजारून शत्रू निवांत जातोय. मी कंट्रोलर खाली ठेवला. हे म्हणाले, "विजू, बटणं अदलाबदल करता येतात ना? दिशा उजव्या हाताला दे तिच्या." मीही म्हटलं, हेच बरोबर. गोडाऊनला एक माणूस आला नाही तर त्याचं काम दुसऱ्याला देतो आम्ही. काम थांबत नाही.

तुम्ही नाही म्हणालात. सरळ नाही. "मंग डावा हात काय करणार? सुट्टीवर?"

"जो काम करू शकत नाही त्याला बाजूला बसवायचं."

"वहिनी, हात म्हणजे हमाल न्हाई. बाजूला बसवला की तो तिथंच बसतो."

आपला हा वाद मिटलेला नाही, भाऊजी. मला आजही वाटतं की ज्याचा अंगठा कधीच येणार नाही अशा माणसाला अदलाबदल करून देणं हेच शहाणपण. तुम्ही त्यावर म्हणायचा, "कधीच येणार न्हाई हे कुणी सांगितलं? यादीत लिहिलं का कुठं?" यादीत ते नव्हतं, हे खरं. पण हरले असंही मी म्हणणार नाही. तुम्ही फक्त तुमचा पिवळा रणगाडा डाव्या बाजूला लावलात आणि म्हणालात, "माझी बाजू डावी. तुम्ही उजवी धरा. जेवढं येतं तेवढंच खेळा."

खरी अडचण नंतर आली, आणि ती अंगठ्याची नव्हती. मी आयुष्यात कधी दिराला अरेतुरे केलेलं नाही. आमच्या माहेरी ती पद्धत नाही. शत्रू डावीकडून येत असायचा आणि मी सांगायला लागायची, "अहो भाऊजी, तुम्ही जरा डावीकडं सरकता का, तिथून एक..." तोपर्यंत गरुड उडालेला असायचा. दर वेळी. आई खाटेवरून म्हणायच्या, "मेला बिचारा, मान देता देता."

शेवटी तुम्ही कंट्रोलर मांडीवर ठेवून नियम केलात. "वहिनी, 'तुम्ही' म्हणायला जितका वेळ लागतो तितक्यात गोळी येती. खेळात 'तू' म्हणायचं. डबा बंद झाला की परत 'तुम्ही'. मान डब्याच्या झाकणावर ठेवून बसायचं."

"मला जमणार नाही."

"अंगठाबी जमत न्हाई म्हणत होत्या."

पहिल्यांदा कसं निघालं ते मला कळलंच नाही. दोन रणगाडे एकदम आले आणि मी ओरडले, "विजू, सरक ना तिकडं, डोळे फुटले का!" आणि त्याच झटक्यात माझा डावा अंगठा वरच्या दिशेला दबला. हिरवा रणगाडा एक घर पुढे गेला. मला आधी लाज वाटली की मी काय बोलले, आणि तुम्ही पडद्याकडे बोट दाखवत होता. "गेला! दादा, पाह्यलं का, गेला पुढं!" तुमचा पिवळा रणगाडा तेवढ्यात उडाला होता, त्याकडे तुमचं लक्षही नव्हतं.

मी तुमचं कौतुक तोंडावर कधी केलं नाही. आता करते, एका दमात. तुम्ही माझ्या हातावर कधी दया केली नाही. तुम्ही त्याला शिव्या खायला आणि द्यायला बसवलं. वर जमलं. मग बऱ्याच आठवड्यांनी उजवीकडं जमलं, मग खाली. या अंगठ्यानं मी आता भाकरीच्या पिठाचा गोळा दाबते, पदर खोचते, औषधाची गोळी पाकिटातून बाहेर काढते. यातलं चेंडूनं काही शिकवलं नाही. रविवारी दुपारी एसटीच्या धक्क्यांत अंग मोडून येणाऱ्या एका माणसानं शिकवलं, आणि वर चहा स्वतः करून घेतला.

डावीकडं मात्र जमलं नाही. आजही नाही. "वहिनींची गाडी वन-वे आहे," तुम्ही म्हणायचा, आणि डावी बाजू सांभाळायचा.

आपल्या शेवटच्या रविवारी तुम्ही माझा कंट्रोलर हातात घेऊन डावीकडचं बटण दाबून बघितलंत. परत परत. "हे बी जड लागून राह्यलंय वहिनी. सगळा दोष अंगठ्याचा न्हाई. आतलं रबर बसलंय. उघडून साफ करावं लागंल."

"मग उघडा ना आता."

"मी न्हाई. तुम्ही. पुढच्या रविवारी. डाव्या हातात धरायचा, उजव्यानं स्क्रू काढायचे. मी नुसता बसून चहा पिणार."

"हातातून पडला तर?"

"मंग पडू द्या. चटईवर उघडायचा. त्यासाठीच तर चटई आहे."

दारात चपला घालताना तुम्ही अजून एक बोललात. "डबा बंद असतानाबी एकदा 'तू' म्हणा की वहिनी. आई म्हणती, दादा म्हणतो. तुम्हीच राह्यल्या."

मी म्हटलं, "लोक काय म्हणतील?"

"लोकाला कुठं खेळायचंय!" तुम्ही म्हणालात आणि जल्दी जल्दी रिक्षाकडे गेलात, संध्याकाळची एसटी गाठायला. मी यादीत लिहिलं: कंट्रोलर, रविवार.

तो रविवार आपल्याला मिळाला नाही.

आज, मी इथपर्यंत लिहिलं तेव्हा आईंनी खाटेवरून आवाज दिला. "विजूचा डबा लाव गं." आम्ही सगळे त्यांच्याकडे बघायला लागलो. त्यांचा आवाज स्थिर होता. "रविवार आहे ना आज? मंग लावा की. घर कसं पडून राह्यलंय."

हे उठले आणि त्यांनी वायर जोडली. मी बटण दाबलं. ठिपक्यांतून उजेड आला, यादी आली. मी हिरवा कंट्रोलर घेतला. तुमचा पिवळा चटईवरच होता. तो कुणी उचलायचा, हे कुणालाच समजेना. मग मीना भिंतीला टेकून बसली होती ती सरकत पुढे आली. इतके रविवार ती तुमच्याबरोबर यायची आणि माझ्या स्वयंपाकघरात भजी तळायची, कधी खेळली नाही.

"ताई, मला सांगाल का कुठलं बटण कशाचं?"

मी सांगितलं. पिवळा डावीकडं, म्हणून तिला डावी बाजू दिली. खेळ सुरू झाला. तिचा रणगाडा भिंतीवर भिंत फोडत सुटला, स्वतःच्याच गरुडाभोवतीच्या विटासुद्धा. हे म्हणाले, "अगं ती आपली भिंत आहे." आणि मग डावीकडून दोन आले.

"ताई, तुम्ही जरा इकडं येता का, माझ्याकडं दोघं..."

गरुड उडाला.

"'तू' म्हण तिला," आई म्हणाल्या. "विजूनं नियम केलाय. खेळात 'तुम्ही' चालत न्हाई."

मीनानं माझ्याकडे बघितलं. जावेला अरेतुरे करायचं म्हणजे तिच्याही जिवावर आलं होतं. दुसरा डाव सुरू झाला. थोडा वेळ ती नुसत्या गोळ्या मारत राहिली. मग एकदम ओरडली, "ताई, सरक की इकडं!" आणि लगेच तोंडावर हात ठेवला. कंट्रोलर मांडीवरून चटईवर पडला. हे हसले. आई हसल्या. मीना हसता हसता रडायला लागली, आणि रडता रडता तिनं कंट्रोलर परत उचलला, कारण डावीकडून अजून एक येत होता.

मला तिच्या मदतीला जायचं होतं. अंगठा डावीकडं दाबला. जड. परत दाबला. पडद्यावर हिरवा रणगाडा थरथरला, की मला तसं वाटलं, सांगता येत नाही. हात की रबर, तेही सांगता येत नाही. तुम्ही असता तर लगेच सांगितलं असतंत आणि वर काहीतरी टोमणा मारला असतात.

आता डबा बंद आहे. मीनाला आज इथंच ठेवून घेतलंय. हे बारीक स्क्रूड्रायव्हर शोधून घेऊन आले आणि म्हणाले, "दे, मी उघडून देतो." मी नको म्हटलं. चटई अंथरलेली आहे. कंट्रोलर डाव्या हातात धरून बघितला. धरला जातो, थोडा डुगडुगतो.

डबा बंद असतानाच लिहिते, एकदाच, कुणी काही म्हणो: विजू, जरा डावीकडं सरक. बसायला जागा दे.

मागचे स्क्रू अजून काढायचे आहेत.